रस्त्यापर्यंत

बाबांच्या विनोदाला तिथे हसू यायचं तर त्याला तीन भाषा ओलांडून यावं लागत होतं. बाबा मराठीत बोलायचे, मी त्याचं माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत करायची आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या रोडा टीचर ते स्वाहिलीत सांगायच्या. तोवर बाबा पुढच्या करुण प्रसंगावर पोचलेले असत. बायबलातला उधळ्या पुत्र वाटणीचे पैसे उडवून उपाशीपोटी डुकरांपुढच्या शेंगांकडे बघायला लागला आणि शाळेच्या मैदानावर बसलेली सगळी माणसं खो खो हसली, कारण मागचा विनोद त्यांना आत्ता कुठे मिळाला होता.

बाबा थांबले. चिपळ्या खाली केल्या आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सुवार्ता, इथं रडायचं ना गं?"

"जरा दम धरा बाबा, पोचतंय," मी म्हणाले.

पोचलं काहीच नाही. कीर्तन संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या पाहुण्यांचं मन राखायला वाजवतात तशा. पुढे बसलेली एक म्हातारी बाई तेवढी न हसता, न टाळ्या वाजवता बाबांकडे टक लावून बघत होती. तिला काहीतरी विचारायचं होतं असं मला वाटलं, पण तेवढ्यात आमच्या पाळकसाहेबांनी सांगतेची प्रार्थना सुरू केली.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. आमच्या नगरच्या चर्चमंडळीची ती पहिलीच परदेशातली मिशन यात्रा होती. तोवर मिशन म्हणजे बाहेरून आपल्याकडे येणारी वस्तू. साहेब यायचा, मडमा यायच्या, दवाखाने आणि शाळा यायच्या. आता आपणही कुठेतरी जायला हवं, असं आमच्या तरुण पाळकसाहेबांनी, म्हणजे विनय दुशिंगांनी, मनावर घेतलं. केनियात किसुमूच्या पुढे एका खेड्यातल्या मंडळीशी त्यांची ओळख होती. गाणी, नाटक आणि आपापल्या श्रद्धेची साक्ष असा कार्यक्रम ठरला. तरुण संघातल्या मुलांनी टेपवरच्या संगीतावर एक मूकनाट्य बसवलं होतं. त्यात काळे कपडे घातलेला सैतान होता, आणि त्याला लोळवताना रोशन भिंगारदिवे खरोखरच कोलांटी उडी मारायचा.

या तरण्याताठ्या टोळीत माझे वडील शांतवन हिवाळे गुरुजी बसत नव्हते, हे त्यांनाही कळत होतं. नगर भागातल्या खेड्यांतून त्यांनी जन्मभर ख्रिस्ती कीर्तनं केली. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, डोक्याला फेटा आणि हातात चिपळ्या. पण अलीकडे मंडळीत कीबोर्ड आला, ड्रम आला, आणि गुरुजींना फक्त मयताच्या घरी बोलावणी यायला लागली. यात्रेला पेटी वाजवणारे ठरले होते त्यांच्या पायाचं ऑपरेशन निघालं म्हणून ती जागा बाबांना मिळाली. "तिथे दोन कीर्तनं तुमची, गुरुजी," असं पाळकसाहेबांनी कबूलही केलं. तेव्हापासून बाबा घरात फेटा बांधून आरशासमोर उभे राहायचे आणि मी आले की उगाच कपाट उघडायचे.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. आई गेल्यापासून बाबांच्या मागे झांज घेऊन उभं राहणं हे माझंच काम झालं होतं. धाकटा अनुग्रह पुण्याला नोकरी करायचा, वर्षातून दोनदा यायचा. तो आला की बाबा स्वतः बाजारात जाऊन कोंबडी आणायचे. त्यामुळे उधळ्या पुत्राच्या आख्यानात मोठ्या भावाचं काम करायला मला तालीम लागत नाही, असं मी म्हणायची आणि बाबा मान मागे टाकून हसायचे.

झांज वाजवणं हे निमित्त होतं. खरं काम वेगळंच होतं. बाबांचा दम कमी झाला होता. ध्रुवपद म्हणताना ते "दार उघडे ठेवुनी बाप..." इथपर्यंत यायचे आणि तिथे त्यांचा श्वास तुटायचा. तेवढ्यात "वाट पाहतो" मी उचलायची. इतकी बेमालूम, की लोकांना ती आमची पद्धतच वाटायची. ही गोष्ट आम्ही दोघं कधी तोंडाने बोललो नव्हतो.

आणि मला कोल्हापूरच्या एका शाळेत संगीत शिक्षिकेची नोकरी लागली होती. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. बाबांना मी सांगितलं नव्हतं. मी गेले की कीर्तन संपलं, हे मला माहीत होतं. म्हणून मी मनाशी एक हिशेब केला होता. परदेशात त्यांचं एक कीर्तन फक्कड होऊ दे, त्यांचं मन भरू दे, मग परतीच्या विमानात सांगून टाकू. विमानात यासाठी, की तिथून त्यांना उठून जाता येणार नव्हतं.

आणि त्यातलं पहिलंच कीर्तन मैदानात असं आपटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेब आम्ही उतरलो होतो त्या घराच्या पडवीत आले. बिचारे बराच वेळ चहाच्या कपाशी खेळत बसले.

"गुरुजी, रविवारी मोठी सभा आहे. आसपासच्या मंडळ्या येणार आहेत. मला वाटतं, मूकनाट्यच ठेवावं. त्याला भाषा लागत नाही."

"बरोबर आहे तुमचं," बाबा लगेच म्हणाले.

"पाळकसाहेब, रविवारचं कीर्तन ठरलं होतं ना?" मी म्हणाले.

"ठरलं होतं, सुवार्ताताई. पण काल बघितलंत ना तुम्ही?"

"अगं, बरोबर बोलतायत ते," बाबा म्हणाले. "लोक लांबून येणार. त्यांना का म्हणून माझी भाषा सोसायची?"

पाळकसाहेब गेल्यावर बाबांनी फेटा उलगडला, त्याच्या घड्या घातल्या आणि तो पिशवीच्या अगदी तळाशी ठेवला. वर साबणाची डबी ठेवली, मग टॉवेल ठेवला. मला इतकं वाईट वाटलं की मी बाहेर जाऊन कोणाच्या तरी कोंबड्यांना उगाच हाकलत बसले. मनात असंही आलं की नोकरीला सरळ नाही म्हणून कळवावं. आणि लगेच त्या विचाराचा राग आला.

रविवारी पत्र्याच्या त्या लांबट चर्चमध्ये माणूस मावत नव्हतं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, खिडक्यांतून बाहेरच्यांची डोकी. मूकनाट्य झकास झालं. रोशनच्या उडीला शिट्ट्या पडल्या. मुलं घाम पुसत, नमस्कार करत बसली आणि पाळकसाहेब प्रवचनाला उठले, तर ती मैदानावरची म्हातारी बाई त्यांच्या आधी उठून उभी राहिली.

तिचं नाव मामा तबिथा. तिथे मामा म्हणजे आई. त्या सकाळी दाराशी कुणीतरी ओळख करून दिली तेव्हा बाबांनी तिच्याकडे मिशा शोधल्यासारखं पाहिलं होतं. ती रोडा टीचरना काहीतरी म्हणाली. टीचर हसू दाबत मला म्हणाल्या, "ती विचारते, मुलांनी आपलं दाखवून झालं, मग तो म्हातारा का बसलाय? आमच्यात शेवटचा शब्द म्हाताऱ्याचा असतो. त्याची गोष्ट तिला परत ऐकायची आहे. तिला त्यात काहीतरी विचारायचं आहे."

मी हे पाळकसाहेबांना मराठीत सांगितलं, जरा मीठमसाला लावूनच. ते मनाने दिलदार माणूस. लगेच म्हणाले, "या गुरुजी. दहा मिनिटं. पण दहाच बरं का."

बाबांजवळ फेटा नव्हता. तसेच उघड्या डोक्याने उठले. रोशनला धाकटा केला, एका पोराला ढोलकीवर बसवलं, मला खूण केली, चिपळ्या वाजवल्या आणि सुरुवात केली. एक बाप होता, त्याला दोन मुलगे होते. धाकटा म्हणाला, माझा वाटा मला द्या. मी इंग्रजीत सांगितलं, टीचरनी स्वाहिलीत सांगितलं, आणि मामा तबिथा पुन्हा उठली.

"ती विचारते, या मुलांची आई कुठे आहे?" टीचर म्हणाल्या.

मी बाबांना मराठीत विचारलं, "मुलांची आई कुठाय म्हणतात."

खेड्यापाड्यांत कीर्तनं केलेल्या माणसाला मध्येच कोणी टोकलं तर राग येत नाही. त्याला हुरूप येतो. पण हा प्रश्न वेगळा होता. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आई नाही. वारली."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बायकांच्या बाजूने "पोले, पोले" असा हळहळीचा आवाज आला. मामा तबिथाने मान हलवली, लुगड्यासारखं गुंडाळलेलं आपलं वस्त्र सावरलं आणि सरळ पुढे येऊन बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"ती म्हणते, मग आई मी होते. घरात बाई नाही म्हणूनच असं झालं. आता पुढे सांगा."

तिथून कीर्तन बाबांच्या हातात राहिलं नाही आणि बाबांना त्याचा जो आनंद झाला तो मी काय सांगू! ती त्यांना विचारायची, हे तिला मराठीत सुनवायचे. मी आणि टीचर मागून धावत होतो. धाकटा तालमीत ठरल्याप्रमाणे झटक्यात बाजूच्या दाराने पळाला, तर आई खुर्चीतून अर्धी उठली आणि त्याच्या पाठीमागे ओरडत राहिली. तो परत आला तेव्हा तिने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग मिठी मारली. रोशनला धपाट्याची कल्पना नव्हती, त्यामुळे त्याचं रडू अगदी खरं वाटलं. मेजवानीला बायकांनी आपलं गाणं धरलं. बाबांनी त्यात चिपळ्या मिसळल्या, "दार उघडे ठेवुनी" म्हटलं, मी ओळ उचलली आणि पत्र्याखाली नुसता कल्लोळ झाला. दहा मिनिटं कधीच संपली होती. पाळकसाहेब घड्याळाचा हात ढुंगणाखाली घेऊन बसले होते.

मग माझी पाळी आली. मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आमच्या कीर्तनात शेवटी मोठा भाऊ रुसून बाहेरच राहतो. बाप त्याला बोलावतो, तो आत येतो की नाही हे बाबा सांगत नाहीत आणि मंडळीलाच विचारतात, तुम्ही आलात का आत?

मी माझं भाषण केलं. इतकी वर्षं मी तुमच्याकडे राबलो, तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. मला कधी साधं करडू तरी कापलंत का? आणि हा सगळं उधळून आला तर पोसलेलं वासरू कापलंत!

बाबा बोलायच्या आतच मामा तबिथा उठली. रोडा टीचरना हाताला धरून मधल्या वाटेने माझ्यापर्यंत आली. माझं मनगट धरलं. तिचा हात खरखरीत आणि गरम होता. ती माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बोलली.

"ती म्हणते, वासराचं सोड," टीचर म्हणाल्या. "दुसऱ्याला काय मिळालं ते सांगू नकोस. तुला काय पाहिजे ते सांग."

करडू, असं मी म्हणायला हवं होतं. तेच कथेला धरून होतं. पण तिने माझं मनगट सोडलं नव्हतं आणि चर्चच्या त्या टोकाला बाबा उघड्या डोक्याने उभे होते, खूष, घामाघूम. मी मराठीत म्हणाले, "बाबा, मला कोल्हापूरला नोकरी लागलीय. शाळेत. जूनमध्ये जायचंय मला."

ढोलकी थांबली. आमची सगळी पोरं आणि पाळकसाहेब माना वळवून बघायला लागले. बाकीच्या मंडळींना वाटलं, काय सुरेख अभिनय चाललाय.

"मोठा काय म्हणतो?" टीचरनी विचारलं.

"तो म्हणतो, मला या घरातून जायचं आहे," मी इंग्रजीत म्हणाले.

टीचरनी ते सांगितलं आणि गलका उडाला. पुरुषांच्या बाजूने एक आजोबा काठी आपटत उठले. दोघंही गेले तर गुरं कोण बघणार, असं त्यांचं म्हणणं होतं. मी तेही बाबांना सांगितलं.

"मला कधी सांगणार होतीस?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज आता कीर्तनाचा नव्हता.

"विमानात."

"विमानात का?"

"तुम्हाला उठून जाता येणार नाही म्हणून."

पाळकसाहेबांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात जिरवलं. बाबा हसले नाहीत. चिपळ्यांकडे बघत राहिले आणि मग जे आम्ही कधीच बोललो नव्हतो ते म्हणाले, "माझा श्वास तुटतो गं. ओळ कोण उचलणार?"

"बाप काय म्हणतो?" टीचर म्हणाल्या.

मराठीत ऐकताना मी टिकले होते. इंग्रजीत सांगताना माझा आवाज फुटला. "बाप म्हणतो, मी म्हातारा झालोय. माझा श्वास पुरत नाही. तू गेलास तर माझं गाणं कोण पुरं करणार?"

टीचरनी ते फार हळू आवाजात सांगितलं. गुरांची काळजी करणारे आजोबाही खाली बसले. सगळ्यांनी मामा तबिथाकडे पाहिलं. ती आई होती, तेव्हा न्याय तिनेच करायचा होता.

ती बराच वेळ बोलली. आधी बाबांशी, मग माझ्याशी, मग रोशनकडे बोट दाखवून. टीचर म्हणाल्या, "ती म्हणते, आमच्यात घरातून निघालेल्या माणसाला दारातून निरोप देत नाहीत. घरातलं कुणीतरी त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत जातं. पाहुणा असला तरी, लेकरू असलं तरी. धाकटा वाया गेला तो पैशांमुळे नाही. तो पळाला, त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत कोणी गेलं नाही, म्हणून गेला. मोठ्याला जायचं असेल तर जाऊ दे. पण बापाने त्याला सोडायला जावं."

मी बाबांना सांगायला तोंड उघडलं.

"कळलं मला," बाबा म्हणाले.

"कसं कळलं?"

"ती माझ्याकडं बघून बोलली की."

ते मधल्या वाटेने चालत माझ्यापर्यंत आले. माझ्या हातातल्या झांजा काढून घेतल्या, पोराचं ओझं घ्यावं तशा आपल्या खांद्याला लावल्या आणि दाराबाहेर पडले. मी त्यांच्या बाजूला. मागे मामा तबिथा, तिच्या मागे बायका, ढोलकी गळ्यात अडकवलेला आमचा पोरगा, पाळकसाहेब आणि सगळी सभा. लाल मातीची वाट मक्याच्या शेतांमधून डांबरी रस्त्याकडे जात होती. बाबांनी ध्रुवपद धरलं.

"दार उघडे ठेवुनी बाप..."

श्वास तुटला. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. उभे राहिले, दम घेतला, आणि मग स्वतःच म्हणाले, "...वाट पाहतो." उशिरा, ताल सोडून, आणि जरा बेसूर. पुढच्या वेळी मागच्या बायकाही तिथेच थांबल्या, दम घेतला आणि त्यांच्याबरोबर उरलेली ओळ म्हणाल्या. ती जागा थांबायचीच आहे अशी त्यांची समजूत झाली असावी. रस्ता येईपर्यंत सगळी मंडळी तशीच म्हणत होती.

रस्त्यावर पोचल्यावर एवढी गर्दी बघून एक मटाटू, म्हणजे तिकडची प्रवासी वडापची गाडी, करकचून थांबली आणि आतला पोरगा "किसुमू, किसुमू" ओरडायला लागला.

"जा," बाबा मला म्हणाले.

"अहो बाबा, ही किसुमूला जाते."

तेव्हा कुठे ते हसले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "कोल्हापुरात राहणार कुठं? पाणी कसंय तिथलं?" आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून सगळं बोललो, खोली, पगार, डबा, दिवाळीची सुट्टी. मामा तबिथा शेजारी उभी राहून एक अक्षरही न कळता माना डोलवत होती.

जूनमध्ये बाबा मला सोडायला नगरच्या स्टँडवर आले. सामान वर टाकलं, मला खिडकीची जागा धरून दिली आणि शेजारी बसले. कंडक्टरने घंटी मारली तरी उठेनात.

"गुरुजी, उतरा, गाडी सुटली," कंडक्टर म्हणाला. तो त्यांचा जुना विद्यार्थी निघाला.

"रस्त्यापर्यंत सोडायला सांगितलंय मला," बाबा म्हणाले. "हा रस्ता आहे का? हा स्टँड आहे."

"मग तिकीट कुठलं देऊ?"

बाबांनी थोडा विचार करून शिरूरचं घेतलं. शिरूरला उतरतो आणि मिळेल त्या गाडीने परत येतो, म्हणाले. वाटेतलं सुपं गाव जाईपर्यंत मला शाळेत पोरांशी कसं वागावं ते सांगत होते. मग त्यांचा आवाज बारीक झाला आणि मान माझ्या खांद्यावर आली.

शिरूर आलं तेव्हा ते गाढ झोपले होते. कंडक्टरने लांबूनच माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना उठवलं नाही.